कासवाची गाडी

सिल्वासा,
७ ऑक्टोबर २०२५

श्री. रमाकांत यांस,

सौ. शैलजाचा नमस्कार. साष्टांग घालायला गुडघे परवानगी देत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मनही देत नाही. तुम्ही देवरुखला सुखरूप पोचल्याचं वसंतभाऊजींकडून कळलं. इकडे सर्व क्षेम, म्हणजे जे जळायचं होतं ते जळून झालं आहे.

फोन केला की भाऊजी उचलतात आणि "वहिनी, दादा झोपलाय" म्हणतात. सकाळी अकरा वाजता? लग्न झाल्यापासून मी तुम्हाला उजाडल्यावर अंथरुणात पाहिलेलं नाही. भाऊजींना खोटं बोलता येत नाही, त्यांना उगाच कामाला लावू नका. म्हणून हे पत्र. पत्राला "झोपलाय" असं सांगता येत नाही.

आधी गाडीचं सांगते, कारण माझ्याआधी तुम्ही तिचीच चौकशी कराल. बॉनेटवर पुढच्या बाजूला परातीएवढा काळा डाग आहे आणि मधोमध भोक पडलं आहे. त्यातून मूठ आत जाते. गाडीच्या नाकावरचा, कंपनीच्या खुणेचा कासवाचा बिल्ला काळा झाला आहे, पण वितळला नाही. सुकदेवच्या आक्काबाईने तो चिंचेने घासला, देवाची भांडी घासतात तसा. कासवाची पाठ उजळली, डोकं अजून काळंच आहे. "देवळातलं कासव देवाकडं बघतं बाई, हे कुठं बघी राहिनं?" असं ती विचारत होती. मी म्हटलं, "रस्त्याकडे." ती म्हणाली, "मंग चालत का नाही?"



आता पूजेचं. दसऱ्याला गाडीची पूजा करायची हे काही मी काढलेलं खूळ नाही. त्या दिवशी कॉलनीतल्या स्कूटीपासून खडोलीच्या कारखान्यातल्या क्रेनपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार पडतात. आपल्या मारुतीच्या बॉनेटवर मी दरवर्षी नारळ ठेवते, त्यावर कापूर पेटवते, आणि मारुतीला आजवर काही झालं नाही. तुमची गॉर्डन-कीबल लोखंडाची नाही, फायबरची आहे, हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. साऱ्या सिल्वासात ते माहीत नसलेला माणूस उरलेला नाही. इंजिन अमेरिकन, आराखडा इटालियन, जन्म इंग्लंडचा, जगात जेमतेम शंभर झाल्या, आणि त्यातली एक दमणच्या पारशीबाबांनी बोटीतून आणली. मग ते म्हातारे झाले, गाडी खडोलीच्या गोदामात पडून राहिली, तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या, आणि रस्त्याची मोजणी करायला गेलेल्या एका सरकारी इंजिनिअरचं तिच्यावर मन बसलं. "घेऊन जा दीकरा, पण उभी नको ठेवू," असं बाबा म्हणाले. हे सगळं मला पाठ आहे. पण डोक्याला माहीत असतं ते हाताला माहीत असतंच असं नाही. हात सवयीने गेला.

आदल्या दिवशी सुकदेवने आपल्या पाण्याच्या टाक्यांच्या कारखान्यातलं फायबर सांधायचं रेझिन आणून बॉनेटवरचा तडा भरला होता. तो ओरडलाही, "बाई, वल्लं शे अजून!" तोवर पेटत्या कापराचा नारळ बॉनेटच्या उतारावरून घरंगळला होता, थेट तुमच्या कोपराशी. तिथेच भडका उडाला. आक्काबाईने झेंडूची बादली फुलांसकट ओतली म्हणून निभावलं.

तुम्ही हात जोडून कासवाकडे बघत उभे होतात. कोपराशी ज्वाळा उठली तरी तसेच उभे. मी तुम्हाला दंडाला धरून ओढलं, तेव्हा कुठे तुम्ही वळलात. सगळे म्हणाले, साहेबांची तंद्री लागली होती.

मग तुम्ही जे बोललात ते मी इथे लिहीत नाही. सत्यनारायणाचा उल्लेख होता, माझ्या बुद्धीचा होता, माझ्या माहेरचा होता. सुकदेव-आक्काबाईंसमोर होता. मी ऐकून घेतलं, कारण चूक माझी होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून वापीला जाऊन रेल्वे पकडायची, एवढी ती चूक मोठी होती का? भोक फायबरला पडलं होतं, ते फायबरने भरता येतं.

घरात चैन पडत नाही. कारखान्यांचा भोंगा झाला की उठते, पाळीच्या बसेस गेल्या की पुन्हा येऊन बसते. टेबलाचा कोपरा तुम्हाला नेहमी लागतो म्हणून मी तो भिंतीकडे फिरवून ठेवला आहे. दारातली नारळ खवायची विळीही उचलली. तिला तुम्ही दोनदा ठेचकाळलात. मारुतीची डावी बाजू पुन्हा रंगवून घ्यायची आहे. फाटकाचा खांब दर महिन्याला पुढे सरकतो असं तुम्ही म्हणता, तर त्याचंही काहीतरी बघते.

फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे तुमची ती डोळ्यांच्या औषधाची बाटली राहिली आहे. डोळे कोरडे पडतात म्हणून घालता ती. पाठवू का?

औषधासाठी तरी दोन ओळी लिहा.

तुमची,
शैलजा

*

सिल्वासा,
२५ ऑक्टोबर २०२५

श्री. रमाकांत यांस,

नमस्कार. उत्तर आलं नाही. पोस्टाचा दोष असेल असं मी शेजाऱ्यांना सांगितलं, पोस्टाने माझं काही वाकडं केलेलं नाही तरी.

दिवाळी झाली. सायली पनवेलहून येणार होती, मीच नको म्हटलं. आली असती तर "बाबा कुठे?" विचारलं असतं, आणि मला भाऊजींसारखं खोटं बोलावं लागलं असतं. चकल्या केल्या, त्या बसेसच्या ड्रायव्हरांनी खाल्ल्या. पाडव्याला ताट केलं. ओवाळायचं कोणाला? शेवटी अंगणात गेले आणि तुमच्या गाडीला ओवाळलं. दहा हात लांबून. आक्काबाई बादली घेऊन उभी होती. आम्ही दोघी इतक्या हसलो की निरांजन विझलं, आणि मग मला हसूही येईना.

सुकदेवने बॉनेट केलं. रविवारी आणि पाळी सुटल्यावर येऊन, जाळीचे थर देत, उन्हात वाळवत. पहिला थर चुकला, फुगे आले, सगळं खरवडून पुन्हा केलं. त्यावरून नवरा-बायकोत जुंपली. "टाकीसारखं पानी भरनं शे का यात?" असं आक्काबाई त्याला सुनावत होती. हात फिरवला तर कळत नाही आता. डोळ्यांना कळतं, रंग जरा वेगळा आहे.

मी गाडी शिकते आहे.

वाक्य वाचून खुर्चीवरून उठू नका. लायसन्स मला तुम्हीच काढून दिलं होतंत आणि गाडी मात्र कधी दिली नव्हतीत. डावीकडे पर्स मांडीवर घेऊन बसणं, एवढंच माझं ड्रायव्हिंग. आता मनीषा शिकवते. आठवते ना, शाळेची व्हॅन चालवते ती? तिसरीत माझ्या वर्गात होती. सातचा पाढा चुकला म्हणून मी तिला बाकावर उभं केलं होतं. आता ती माझ्यावर ओरडते, "बाई, क्लच! बाई, आरसा! बाई, बाजूला बघा ना!" आधी मारुतीवर हात बसवला. मग तुमच्या गाडीवर. देवा, ते धूड! क्लच दाबायला दोन्ही पाय हवेत असं वाटतं. विमानात असतात तशा बटणांच्या रांगा, त्यातली निम्मी कशाची आहेत हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. चालू केली की अथालच्या पुलावरची माणसं थांबतात. पहिल्या दिवशी पुलाच्या मध्यावर बंद पडली, मागे ट्रकांची रांग लागली. एक ट्रकवाला खाली उतरून आला, मला वाटलं शिव्या घालायला. तो म्हणाला, "माजी, ये कौन सा मॉडल है?" आणि धक्का मारून गेला.

तिला रस्त्यावर काय वाटतं ते मला आता कळलं आहे. तिला थांबायचं नसतं. मलाही अलीकडे तसंच होतं.

काल वापीला गेले होते. दिवाळीनंतर कापड स्वस्त मिळतं.

वापीला गर्दी फार. उड्डाणपुलाखाली भाजीवाले परत बसायला लागले आहेत. वांगी चांगली होती. मनीषाला तिच्या मुलीसाठी…

कापड घेतलं नाही मी. तुमची बाटली घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाटलीवर त्यांच्या दवाखान्याची चिठ्ठी चिकटवलेली होती. बँकेत जातो म्हणून तुम्ही तिथे जात होतात, हे मला कापूर पेटला तेव्हापासून कळत होतं. कोरड्या डोळ्यांच्या माणसाला कोपराशी लागलेली आग दिसते.

त्यांनी आधी काही सांगितलं नाही. मग मी रडले. ठरवून नाही रडले, पण रडले. काचबिंदू आहे म्हणाल्या. कडेचं दिसणं कमी होत जातं आणि माणसाला स्वतःला ते कळतही नाही. गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखता येतं, पण थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत. गाडी चालवायला मात्र त्यांनी तुम्हाला बंदी केली आहे. कधी, तेही त्यांनी सांगितलं. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात.

मग मला म्हणाल्या, "दोन्ही मुठींची नळी करा, डोळ्यांना लावा आणि घरात चालून बघा." घरी आल्यावर तेच केलं. टेबलाच्या कोपऱ्यापाशी गेले, जिथे तो आधी होता तिथे. दिसला नाही. खांब दिसला नाही. मग अंगणात गाडीसमोर तुमच्या जागेवर उभी राहिले आणि तशाच मुठी डोळ्यांना लावल्या. मला फक्त कासव दिसलं. सुकदेवला म्हटलं, तेव्हा नारळ जिथे होता तिथे पेटती काडी धर. त्याने धरली. मला ऊब लागली, काडी दिसली नाही.

मी तिथेच ओट्यावर बसले.

अहो, तुम्ही माझ्यावर चिडून गेला नव्हता. ज्या गाडीच्या पायी अख्खी निवृत्ती ओतलीत, ती रस्त्यावर आणायची वेळ आली आणि तुम्हाला तिच्या स्टिअरिंगमागे बसता येईना. वर तुमच्याच शेजारी ती पेटली आणि तुम्हाला ते दिसलं नाही. मला बोल लावणं सोपं गेलं. मी ते बोल परत देत नाही, ठेवून घेते. पण औषधाची बाटली तुम्ही विसरलात हे मी मानायला तयार नाही. चष्म्याची सुटी काडी विसरत नाही तुम्ही.

आज भाऊजींना फोन करून सगळं सांगितलं. बिचारे रत्नागिरीला जाऊन तसलीच बाटली घेऊन यायला तयार झाले. मग तासाभराने फोन आला, "वहिनी, दादा म्हणतो, नको. म्हणतो, कशासाठी राखायचं?"

कशासाठी?

याचं उत्तर पत्रात लिहिण्यासारखं नाही. लिहायला बसले की उठावंसं वाटतं. भोंगा वाजतो आहे. मी फाटकापर्यंत जाऊन येते.

आले. तरी सुचलं नाही.

शैलजा

*

मौजे देवरुख,
तुमच्या पाखाडीच्या पायथ्याशी,
२ नोव्हेंबर २०२५

अहो,

आवाज ऐकलात ना? सगळ्या वाडीने ऐकला असेल. भाऊजींच्या वैशालीच्या गोठ्यातल्या म्हशी ओरडताहेत ते इथपर्यंत ऐकू येतं. तुम्ही ओट्यावर उठून उभे राहिला असाल, आणि मान वाकडी करून ऐकत असाल, की दुसऱ्या बाजूचे सिलिंडर नीट मारताहेत ना. मारताहेत. सगळे आठ.

हे पत्र गाडीत बसून, मांडीवर पर्स ठेवून, पर्सवर कागद ठेवून लिहिते आहे. अक्षर हलतंय ते इंजिनामुळे. बंद केलेलं नाही. महाडजवळ बंद केलं होतं तर परत चालू व्हायला अख्खी दुपार गेली. तापमानाचा काटा चढतो आहे, तेव्हा थोडक्यात लिहिते.

परवा निघालो. पनवेलपर्यंत मनीषानेच आणली, खोटं कशाला बोलू. सायलीकडे राहिलो. तिला सगळं सांगितलं. ती रडली, मग गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली आणि म्हणाली, बाबा म्हणायचे इथे तुझी जागा. पनवेलपुढे मी घेतली. महाडनंतर खड्ड्यांत मनीषा देवाचं नाव घेत होती, मी सातचा पाढा म्हणत होते. कशेडीच्या बोगद्यात दिवे लावायचं बटण सापडेना, एकेक दाबत गेले, वायपर लागले, हॉर्न लागला, शेवटी दिवे लागले. ते तिरके जोड-दिवे लागले की पुढचं सगळं पांढरं होतं. तुम्ही मला हे कधीच दाखवलं नव्हतं. दिवसा दाखवायची वस्तू नाही म्हणायचात, आणि संध्याकाळी गाडी कधी निघाली नाही.

आता मुद्द्याचं. मी वर येणार नाही. वर आले की वैशाली पोह्यांची तयारी करेल, भाऊजी हवापाण्याचं बोलतील, तुम्ही माझ्याकडे न बघता "प्रवास कसा झाला" विचाराल, आणि आपण दोघं त्यातच विषय संपवू. आयुष्यभर आपण असंच केलं. म्हणून हे मनीषाच्या हाती वर पाठवते आहे.

तुम्ही विचारलंत, कशासाठी राखायचं. आठवडाभर ते मला खात होतं. रस्त्यात उत्तर मिळालं, चिपळूणच्या अलीकडे. समोरचं मला दिसत होतं, आरसे दिसत होते, पण लांबवर रस्ता कसा वळतो, पुढचा ट्रक दाबणार की नाही, इंजिन हे असं का घुरघुरतंय, हे काही कळत नव्हतं. तिथे तुम्ही हवे होतात. बाजूचं मी बघेन. मागचं मी बघेन. तुम्ही नाकासमोरचं बघा आणि मला सांगा. तुमचं समोरचं अजून आहे ना? तेवढं राखायचं, ते यासाठी. दोघांमिळून एक ड्रायव्हर होतो, आणि एक पुरतो. गाडीचं स्टिअरिंगही एकच आहे.

पण डावीकडे बसावं लागेल. मला माहीत आहे ते तुम्हाला किती जड जाईल. मी इतकी वर्षं बसले, तिथून घाट चांगला दिसतो, एवढं सांगते. आणि पारशीबाबांनी "चालव" म्हटलं नव्हतं तुम्हाला. "उभी नको ठेवू" म्हटलं होतं. मी आठवून आठवून पाहिलं, तेवढंच म्हटलं होतं.

पाखाडीला पायऱ्या फार आहेत आणि शेवाळ अजून सुकलेलं नाही. उतरताना मनीषाचा हात धरा. लाज वाटली तर तिला सांगा की तूच घसरशील म्हणून धरतो आहे. ती हो म्हणेल, मी तिला शिकवून पाठवलं आहे. कासवाचं डोकं अजून थोडं काळं आहे. ते मी मुद्दाम तसंच ठेवायला सांगितलं, तुम्हाला चिडायला काहीतरी हवं ना.

नवी बाटली पर्समध्ये बर्फाच्या डब्यात आहे. पहिला थेंब मी घालेन, मान मागे करून सीटवर टेका. मग कुठे जायचं ते तुम्ही सांगा. गणपतीपुळे म्हणा, गोवा म्हणा, सिल्वासा म्हणा. नुसतं साखरप्यापर्यंत जाऊन परत येऊ म्हणालात तरी चालेल. मला फक्त इथे उभं राहायचं नाही.

काटा आणखी चढला. उत्तर लिहायला बसू नका. चपला घाला.

उजवीकडे बसलेली, डावीकडचं दार आतून उघडून ठेवलेली,
तुमची
शैलजा